मोठ्या शेफचं टेबल: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळच्या सदरासाठी एकाच विषयावर इतकी पत्रं आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलावे लागले. बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडी, हल्याळ अशा सगळीकडून विचारणा एकच: टीव्हीवर, फोनवर दिसणाऱ्या शेफच्या रेस्टॉरंटमध्ये आपल्यासारख्याला जागा मिळते कशी? उत्तरं देणाऱ्यांपैकी काहींनी रिझर्व्हेशन डेस्क सांभाळला आहे, काहींनी किचन.

आई-बाबांच्या लग्नाला येत्या फेब्रुवारीत ४० वर्षं होतील. त्यांना मुंबईत एखाद्या नावाजलेल्या शेफकडे जेवायला न्यायचं आहे. आम्ही सहा जण. दोन महिने बघतोय, शनिवारी रात्रीचं टेबल कधी दिसतच नाही. ओळख लागते का? — एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

ओळखीने क्वचित काम होतं, त्यावर विसंबू नका. तुमचं गाडं अडलंय ते तीन गोष्टींवर: शनिवार, सहा जण, आणि रात्री साडेआठची वेळ. तिन्ही एकदम मागितल्या की फार थोडी टेबलं उरतात.

आधी खोलीचं गणित बघा. मुंबईत वांद्र्याला शेफ हुसेन शहजाद यांचं 'पापाज' आहे, तिथे एका वेळी १२ माणसं बसतात. बेंगळुरूच्या उत्तरेला शेतात वसलेलं 'फार्मलोर' आहे, तिथे १८. बारा खुर्च्यांच्या खोलीत तुम्ही सहा जण म्हणजे अर्धी खोली. ४०-५० खुर्च्यांच्या रेस्टॉरंटमध्येसुद्धा बहुतेक टेबलं दोघांची असतात आणि दोन-तीनच टेबलं जोडून सहांची होतात. ती जोडी आधी कुणी दोघांनी घेतली, की बाजूचं टेबल रिकामं असूनही संगणक तुम्हाला 'उपलब्ध नाही' असंच दाखवणार. म्हणून सहा जणांसाठी ॲपवर वेळ घालवू नका. बऱ्याच ठिकाणी चारच्या वरची मंडळी ॲपवर घेतच नाहीत, फोनवर घेतात.

फोन कधी करायचा, हे महत्त्वाचं आहे. दुपारी साडेतीन ते साडेपाच. दुपारची पंगत उठलेली असते, संध्याकाळची बसलेली नसते, आणि डेस्कवरची व्यक्ती त्याच वेळी रात्रीच्या नावांची यादी समोर घेऊन टेबलं लावत असते. रात्री आठला फोन केलात तर ती दारात पाहुण्यांना घेत असते. ती 'नाही' म्हणून मोकळी होईल. बोलताना तारीख एकच सांगू नका. 'फेब्रुवारीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या आठवड्यात मंगळवार ते गुरुवार, पहिल्या बैठकीला सहा जण, आई-वडिलांच्या लग्नाचा ४० वा वाढदिवस' एवढं एका दमात सांगा. सहा एकत्र जमत नसतील तर चार आणि दोन अशी शेजारशेजारची टेबलं चालतील, हेही सांगून ठेवा. त्यातही चौदा तारखेच्या, म्हणजे व्हॅलेंटाइन डेच्या, आसपास जाऊ नका. त्या दिवशी सगळी खोली दोघा-दोघांची लावलेली असते आणि मेनूही वेगळा, महाग असतो.

पहिली बैठक म्हणजे साडेसहा-सातची. ठरलेल्या क्रमाने आठ-दहा पदार्थ येणारं जेवण, ज्याला टेस्टिंग मेनू म्हणतात, अडीच ते साडेतीन तास चालतं. त्यामुळे अशा ठिकाणी रात्रीत दोनच बैठका होतात, सातची आणि साडेनऊच्या पुढची. आपल्याकडे वडीलधारी माणसं आठला जेवून घेतात. त्यांना साडेनऊला बसवलंत तर शेवटचा गोड पदार्थ येईपर्यंत साडेबारा वाजतील. सातचीच घ्या. तिला मागणीही कमी असते. दुपारचं जेवण मिळत असेल तर आणखी उत्तम: मेनू आटोपशीर, दर कमी, आणि त्याच रात्रीच्या गाडीने परतता येतं.

आता ऑनलाइनची रीत. लहान रेस्टॉरंटं सगळ्या तारखा कायम खुल्या ठेवत नाहीत. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वाजता पुढच्या महिन्याच्या जागा सोडतात, किंवा रोज ३० दिवसांनंतरचा एक दिवस उघडतात. नेमका नियम त्यांच्याच वेबसाइटवर लिहिलेला असतो. आदल्या दिवशी खातं उघडून नाव, फोन, कार्ड भरून ठेवा. जागा सुटायच्या दोन मिनिटं आधी पान उघडा, आणि एकच उघडा. घरातल्या चौघांनी चार फोनवरून एकच वेळ निवडली तर प्रत्येकाची निवड काही मिनिटं अडकून राहते आणि तुम्हीच तुमची जागा अडवून बसता.

पहिल्या मिनिटात 'संपलं' दिसलं तरी उठू नका. अनेकांनी जागा निवडलेली असते, पण पैसे भरताना ओटीपी येत नाही किंवा विचार बदलतो. अशा अडकलेल्या जागा साधारण पाच-दहा मिनिटांनी परत सुटतात. म्हणून दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायचंच. दुसरी संधी येते रद्द करण्याच्या मुदतीला. समजा, ४८ तास आधीपर्यंत रद्द केलं तर पैसे परत, असा नियम असेल. ज्यांचं जमत नाही ते लोक ४८ तास भरायच्या तोंडावर रद्द करतात. शनिवार रात्री आठचं टेबल हवं असेल तर गुरुवारी दुपारपासून आठपर्यंत लक्ष ठेवा. प्रतीक्षायादीत नाव असलं तरी स्वतः बघा, कारण बऱ्याच ठिकाणी सूचना सगळ्यांना एकदम जाते आणि जो आधी दाबेल त्याला टेबल मिळतं.

बेळगावहून जाणाऱ्यांना आणखी एक पेच असतो. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, टेबल बहुतेकदा ३० दिवस आधी. टेबल मिळाल्यावर गाडी शोधायला गेलात तर दादरच्या गाड्या भरलेल्या असतात. त्यामुळे क्रम उलटा ठेवा: आठवड्याच्या मधल्या दोन वेगवेगळ्या दिवसांची तिकिटं आधी काढून ठेवा, टेबल ज्या दिवसाचं मिळेल ती ठेवून दुसरी रद्द करा. वेळेत रद्द केलेल्या तिकिटाची कपात सहा जणांच्या टेबलाच्या ॲडव्हान्सपुढे काहीच नाही. आणि ज्या सकाळी मुंबईत पोहोचाल त्याच रात्री जेवण ठेवायचं असेल, तर आई-बाबांना दुपारी झोपायला खोली हवी. रात्रभर प्रवास करून आलेल्या माणसाला सहाव्या पदार्थाला डुलक्या येतात आणि मग सगळ्याची चवच जाते.

आम्ही जैन. घरात कांदा-लसूण नाही, कंदमुळं नाहीत. अशा ठिकाणी 'व्हेज आहे' म्हणतात, तेवढं पुरे का? — एक वाचक, निपाणी

अजिबात पुरे नाही. हा प्रश्न आमच्या मते या सगळ्या पत्रांतला सर्वांत गरजेचा आहे, म्हणून थोडं किचनच्या आत शिरू.

साध्या हॉटेलात जैन भाजी मागितली की आचारी कढई नवी चढवतो आणि कांदा वगळतो. टेस्टिंग मेनूत तसं करता येत नाही. ताटलीत दोन चमचे सॉस दिसतो, पण त्याची पूर्वतयारी, ज्याला किचनमध्ये 'मीझ' म्हणतात, एक-दोन दिवस आधी झालेली असते. भाज्यांचा अर्क काढताना मोठ्या पातेल्यात कांदा, गाजर, सेलरी, लसणाचे गड्डे चार-पाच तास मंद उकळतात, मग गाळून ते पाणी आटवतात. तोच अर्क पुढे तीन-चार पदार्थांत जातो. संध्याकाळी सात वाजता टेबलावर बसून 'जैन' म्हणालात तर त्यातून कांदा बाहेर काढणार कसा? शेफची इच्छा असूनही हाती उरतात ती सॅलडची पानं आणि फळं. पाच हजारांच्या मेनूत ते मिळालं की राग येतो, पण दोष तयारीच्या वेळेचा असतो.

म्हणून ७२ तास आधी, लेखी. बुकिंग करताना 'विशेष सूचना' म्हणून जागा असते तिथे लिहा आणि वर फोन करून वाचून दाखवा. 'जैन' एवढा शब्द पुरत नाही. मुंबईत तो कळतो, बेंगळुरूच्या किंवा गोव्याच्या किचनमध्ये प्रत्येकाला कळेलच असं नाही. पदार्थांची नावं लिहा: कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा, बीट, रताळं, सुरण, ओलं आलं, ओली हळद, मशरूम चालत नाहीत. अंडं चालत नाही. जिलेटिन चालत नाही; ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून बनतं आणि मूस, जेलीसारख्या गोड पदार्थांत लपलेलं असतं. परदेशी चीजमध्ये वासराच्या जठरातलं, दूध गोठवणारं रेनेट असू शकतं, तेही विचारा. मध चालत नसेल तर लिहा. सुंठ चालते, हेही लिहा. काय चालतं ते कळलं की शेफला वाट सापडते.

कुणाला काय नको, हे माणसागणिक सांगा. किचनमध्ये पदार्थ काढायच्या खिडकीपाशी चिठ्ठी लागते, तिच्यावर टेबल आणि खुर्चीचा क्रमांक असतो: टेबल ४, खुर्ची २, जैन. 'आमच्यातले दोघे जैन' असं मोघम सांगितलंत तर बसल्यावर पुन्हा विचारपूस आणि एखादी ताटली चुकीच्या माणसापुढे जाण्याची भीती. जागा बदलून बसलात तरी वाढणाऱ्याला सांगा.

काही शेफ जैन जेवण करत नाहीत आणि तसं स्पष्ट कळवतात. वाईट वाटून घेऊ नका. पैसे भरण्याआधी 'नाही' कळलेलं बरं. चातुर्मास, पर्युषण, एकादशी, संकष्टी, श्रावणी सोमवार यांच्या तारखाही बुकिंगआधी दिनदर्शिकेत बघून घ्या. ही चूक फार घरांत होते: चार महिने वाट पाहून टेबल मिळतं आणि त्याच दिवशी आईचा उपवास निघतो.

दोन जणांचे पूर्ण पैसे आधी भरले होते. सासरे आजारी पडले म्हणून आदल्या दिवशी रद्द केलं, तर एक रुपयाही परत नाही. ही लूट नाही का? — एक वाचक, खानापूर

तुमचं दुःख खरं आहे. तरी लूट म्हणता येणार नाही, जर अट बुकिंगच्या वेळी समोर दाखवली असेल. बारा खुर्च्यांपैकी दोन रिकाम्या राहिल्या म्हणजे त्या बैठकीच्या उत्पन्नाचा सहावा भाग गेला. मासळी, भाजी तुमच्या नावाने आलेली असते आणि अशा जागी वाटेने जाणारा कुणी आत शिरत नाही. जेवणाची जागा नाटकाच्या तिकिटासारखी आधी विकायची पद्धत शिकागोच्या 'नेक्स्ट' रेस्टॉरंटने २०११ मध्ये गाजवली, आणि आता जगभर लहान रेस्टॉरंटं तशीच चालतात.

पण पैसे भरण्याआधी तीन प्रकार ओळखायला हवेत. पहिल्या प्रकारात ॲडव्हान्स घेतात आणि तो शेवटच्या बिलातून वळता होतो. दुसऱ्यात पूर्ण तिकीट असतं: जेवणाचे पैसे आधीच गेले, तिथे फक्त पेयांचं बिल येतं. तिसरी एक रीत परदेशात दिसते: कार्डाचा नंबर ठेवून घेतात, पैसे घेत नाहीत, पण आला नाहीत तर ठरलेला दंड कापतात. कुठली अट आहे, किती तास आधीपर्यंत परतावा, आणि तारीख बदलता येते का, या तीन ओळींचा स्क्रीनशॉट ठेवा.

घरात अडचण आली तर रद्द करण्याचं बटण दाबण्याआधी फोन करा. बटण दाबलं की संगणक नियम लावून मोकळा होतो, मग डेस्कवरच्या माणसालाही काही करता येत नाही. फोनवर 'परतावा द्या' म्हणण्यापेक्षा 'तारीख पुढे ढकलता येईल का' विचारा. प्रतीक्षायादीत कुणी असेल तर बहुतेक जण तारीख बदलून देतात. तेही नसेल तर तुमच्या नावावर दुसऱ्या कुणाला पाठवता येईल का, हे विचारा. मुंबईत, पुण्यात प्रत्येकाचा भाचा-पुतण्या असतोच. त्याचं नाव, फोन आणि खाण्यापिण्याच्या सूचना कळवल्या की तुमचे पैसे वाया जात नाहीत.

याच संदर्भात एक सावधगिरी. फोन नंबर नकाशावरून किंवा शोधपानावरून उचलू नका, रेस्टॉरंटच्या स्वतःच्या वेबसाइटवरून घ्या. खोटे नंबर लावून 'शेवटचं टेबल आहे, लगेच भरा' म्हणणारे भामटे असतात. यूपीआयने पैसे भरताना समोर येणारं नाव एखाद्या व्यक्तीचं असेल तर थांबा. परतावा घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे तुमच्याच खात्यातून पैसे गेले. फसलात तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवा, तासाभरातच कळवलं तर रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

गोव्यात टेबल होतं. चोर्ला घाटातून गेलो, रेंज नव्हती. पोहोचलो तर टेबल दुसऱ्याला दिलेलं. फोन केला होता म्हणाले. असं करता येतं? — एक वाचक, हल्याळ

येतं, आणि याने बाहेरगावची मंडळी फार मार खातात. पैसे न घेता दिलेलं टेबल आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी दुपारी फोन करून पक्कं करतात. अनोळखी नंबर म्हणून आपण उचलत नाही, दोनदा वाट बघून ते टेबल सोडतात. त्यामुळे बुकिंग झाल्या झाल्या त्यांचा नंबर नावासकट साठवून ठेवा, म्हणजे फोन आला की ओळखू येईल. आणि त्यांच्या फोनची वाट न बघता आदल्या दिवशी दुपारी चारला आपणच करा.

वेळेचं म्हणाल तर साधारण १५ मिनिटं टेबल धरून ठेवतात. जिथे सगळ्यांना एकदम पहिला पदार्थ वाढतात तिथे तेवढंही नाही. बेळगावहून जांबोटी, कणकुंबी करत चोर्ल्याने पणजी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, कोरड्या दिवसांत साडेतीन तास धरा. कणकुंबीच्या पुढे बराच पट्टा रेंजविना जातो, म्हणून उशीर होतोय असं वाटलं तर जांबोटीतच फोन करून टाका. पावसाळ्यात धुकं, पडलेली झाडं, अडकलेला ट्रक, यांतलं काही ना काही असतंच. जून ते सप्टेंबर रात्रीच्या टेबलासाठी सकाळीच निघा. दक्षिण गोव्यात, म्हणजे उदाहरणार्थ बाणावलीला शेफ अविनाश मार्टिन्स यांच्या 'कावातिना'कडे जायचं असेल, तर हल्याळकरांना अनमोडवरून फोंडा, मडगाव हा रस्ता सोयीचा. चोर्ल्याने पणजीला उतरून पुन्हा खाली जायचं कारण नाही. आणि पावसाळ्यात गोव्यातली काही रेस्टॉरंटं काही आठवडे बंद असतात, ते आधी बघा.

रात्री जेवून, त्यातही वाइन घेऊन, घाट उतरायचा-चढायचा विचार करू नका. एक खोली घ्या.

एवढे पैसे मोजायचे तर तो शेफ स्वतः भेटेल का? — एक वाचक, चिकोडी

विचारूनच जा. दारावरचं नाव आणि चुलीपाशी उभा असलेला माणूस वेगळे असू शकतात. मुंबईत महालक्ष्मीच्या जुन्या गिरणीच्या आवारातलं 'मास्क' २०१६ मध्ये सुरू झालं तेव्हा शेफ प्रतीक साधू होते. ते २०२२ मध्ये बाहेर पडले, आता किचन वरुण तोतलानी सांभाळतात आणि जेवण आजही अव्वल मानलं जातं. साधूंचं जेवण हवं असेल तर हिमाचलात कसौलीजवळ 'नार'ला जावं लागेल. दिल्लीचं 'इंडियन ॲक्सेंट' वर्षानुवर्षं मनीष मेहरोत्रा यांच्या नावाने ओळखलं गेलं, २०२४ मध्ये तेही निघाले. चार-पाच वर्षांपूर्वीचा लेख वाचून टेबल घेऊ नका.

ज्यांच्या नावाच्या अनेक शाखा आहेत ते शेफ प्रत्येक शाखेत रोज असणं शक्यच नाही. फोनवर सरळ विचारा: 'या तारखेला शेफ किचनमध्ये असतील का?' हा प्रश्न त्यांना रोज येतो. जिथे किचनसमोरच बसायची सोय आहे, ज्याला काउंटर म्हणतात, तिथली जागा मागा. तिथे शेफ किंवा त्यांचा पहिला साहाय्यक स्वतः वाढतात आणि प्रश्नांना उत्तरं देतात. शेवटचा गोड पदार्थ संपल्यावर दोन मिनिटं भेट मागितली तर सहसा नाही म्हणत नाहीत. मधे बोलावू नका.

याच वाचकाने पुढे विचारलंय की भारतात मिशेलिन स्टार, म्हणजे मिशेलिन या फ्रेंच गाइडकडून उत्तम रेस्टॉरंटला मिळणारे एक ते तीन तारे, कुठे आहे. कुठेच नाही, कारण मिशेलिनचे परीक्षक भारतात तपासणीच करत नाहीत. बाहेर मात्र आपली माणसं आहेत: बँकॉकच्या 'गा'च्या गरिमा अरोरा यांनी २०१८ मध्ये स्टार मिळवला, तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला, आणि हिमांशु सैनी यांच्या दुबईतल्या 'त्रेसिंद स्टुडिओ'ला २०२५ मध्ये तीन स्टार मिळाले, भारतीय जेवणाला हा मान प्रथमच.

मुलगी दुबईला आहे. तिथलंच टेबल इथून काढायचा प्रयत्न केला तर कार्ड चालेना. — एक वाचक, शहापूर, बेळगाव

बहुधा कार्डात बिघाड नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नवं कार्ड फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानातल्या मशीनसाठी सुरू असतं. ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार आपणच सुरू करायचे असतात. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या पानावर 'इंटरनॅशनल' आणि 'ऑनलाइन' अशी दोन वेगळी बटणं असतात, दोन्ही चालू करा आणि मर्यादा जेवणाच्या रकमेपेक्षा थोडी जास्त ठेवा. काम झालं की बंद करा. परदेशी बुकिंगला व्हिसा किंवा मास्टरकार्ड असलेलं क्रेडिट कार्ड बरं. सर्वांत सोपं म्हणजे मुलीला तिच्या कार्डावर, तिच्या नावाने घ्यायला सांगा. तिचा फोन तिथला आहे, पक्कं करण्याचा निरोप तिलाच जाईल.

घड्याळही सांभाळा. दुबई आपल्या दीड तास मागे, बँकॉक दीड तास पुढे. न्यूयॉर्कला सकाळी १० वाजता जागा सुटणार असतील तर आपल्याकडे तिथल्या उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात, हिवाळ्यात साडेआठ. लंडनच्या मध्यरात्रीसाठी पहाटे साडेचार किंवा साडेपाच. मार्च आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्यांची घड्याळं सरकतात, त्या आठवड्यात खात्री करूनच गजर लावा.

बिल नेमकं किती येतं? मेनूवरचा आकडा आणि बिलाचा आकडा कधीच जुळत नाही. — एक वाचक, संकेश्वर

समजा मेनू माणशी ५,००० आणि तुम्ही दोघं, म्हणजे १०,०००. स्वतंत्र रेस्टॉरंट असेल तर जीएसटी ५ टक्के, एकूण १०,५००. तेच ज्या हॉटेलात खोलीचं भाडं ७,५०० च्या वर आहे अशा ठिकाणी असेल तर १८ टक्के, म्हणजे ११,८००. यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज लावला तर आधी रक्कम ११,००० होते आणि कर तिच्यावर बसतो: ११,५५० किंवा १२,९८०. दारूवर जीएसटी नसतो, राज्याचा कर असतो, म्हणून ते बिल वेगळं येतं. पदार्थागणिक वाइन घेण्याचा पर्याय कधी कधी जेवणाइतकाच महाग पडतो. दोघांत एक घेऊन चालतं का ते विचारा. बाटलीतल्या पाण्याचेही पैसे लागतात, साधं पाणी मागितलं तर द्यावंच लागतं.

सर्व्हिस चार्ज सक्तीचा नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या सूचना २०२५ च्या मार्चमध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही उचलून धरल्या. नको असेल तर शांतपणे 'तो काढून बिल द्या' म्हणा. काढला नाही तर बिल जपून ठेवा आणि ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा. वाढणाऱ्यांनी मनापासून केलं असेल तर मात्र त्यांच्या हातात जरूर काही ठेवा. तीन तास तुमच्या प्रत्येक घोटाकडे लक्ष ठेवणं हे कष्टाचं काम आहे.

पेहराव काय? इरकल साडी, धोतर, कोल्हापुरी चालेल? आणि सात वर्षांच्या नातवाचं काय? — एक वाचक, अथणी

साडी, धोतर, लुगडं सगळीकडे चालतं, इरकल तर उठून दिसेल. अडवतात ते अर्धी चड्डी, बनियनसारखा शर्ट आणि रबरी चप्पल. पुरुषांच्या उघड्या चपलेला काही ठिकाणी हरकत असते, तिथे कोल्हापुरीही सापडते. कोल्हापुरीच्या २०१९ च्या भौगोलिक मानांकनात बेळगाव जिल्हा आहे आणि अथणीचं नाव त्यात मोठं आहे, तेव्हा फोनवर 'आमच्या भागची चामडी कोल्हापुरी आहे' असं स्पष्ट सांगून विचारा. बहुतेक हो म्हणतात. अत्तर कमी लावा, शेजारच्याला पदार्थाचा वास यायला हवा.

नातवाला टेस्टिंग मेनूला नेऊ नका. बऱ्याच ठिकाणी १० किंवा १२ वर्षांखालच्यांना रात्री घेत नाहीत, आणि घेतलं तरी मुलाचेही पूर्ण पैसे लागतात. सात वर्षांचं मूल तीन तास खुर्चीत बसत नाही. त्याला न्यायचंच असेल तर त्याच शेफचं साधं, मेनूतून हवं ते मागवता येणारं दुसरं रेस्टॉरंट आहे का बघा. बऱ्याच शेफचं असतं, आणि तिथे दुपारचं टेबल आदल्या दिवशीही मिळतं.